घोडा का अडला? नवा बॅरल-घोडा आणि फाटकापाशी रोजची रडारड

‘घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली?’ उत्तर आपण सगळ्यांनी लहानपणीच पाठ केलंय: न फिरवल्यामुळे. टेक्सासात लेकीच्या नादाने मी बॅरल रेसिंगच्या, म्हणजे पिंपांना वळसे घालत घोडा पळवायच्या शर्यतीच्या, धुळीत उतरले, तेव्हा पहिल्यांदा असा घोडा भेटला की त्याचं उत्तर नेमकं उलटं निघालं. तो अडला होता फिरवल्यामुळे. पिंपांभोवती फार फिरवला, आणि त्यापलीकडे त्याच्याशी कुणी काही केलंच नाही, म्हणून.

आम्ही फोर्ट वर्थच्या पश्चिमेला राहतो. घोडा पाळणारी मराठी घरं इथे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, पण मुलांना रायडिंगला घालणारी बरीच आहेत. पोनीवरून ‘खऱ्या’ बॅरल-घोड्यावर बढती झाली की दीड-दोन महिन्यांत प्रत्येक घरातून मला तोच फोन येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

तक्रार अशी असते. घोडा तयार, शिकलेला, मैदानं मारलेला घेतलाय. वय बारा-तेरा वर्षं, म्हणजे पोरवय सरलेला शहाणा घोडा. डॉक्टरने तपासून दिलाय. पहिले तीन-चार आठवडे मधुचंद्र. मग एक दिवस कुरणात धरायला गेलं की तो पाठ फिरवून चालू लागतो. पुढच्या आठवड्यात मैदानाच्या तोंडाशी थबकतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिथेच मागे मागे सरकतो, मुंडी झटकतो, गोल फिरतो. कसाबसा आत घुसला तर पहिलं पिंप तरी पाडतो नाहीतर त्याच्या पुढे निघून जातो. आणि पोरगी घरी येऊन उशीत तोंड खुपसून म्हणते, “आई, मी त्याला आवडतच नाही.”

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्रिकोणात ठेवलेली तीन पिंपं. आपल्याकडे गच्चीवर पाणी साठवायला ठेवतात तीच, साधारण दोनशे लिटरची. पूर्ण मापाच्या मैदानात पहिल्या दोन पिंपांत ९० फूट, तिथून तिसऱ्यापर्यंत १०५ फूट, आणि वेळ मोजायची रेघ पहिल्या दोघांच्या ६० फूट अलीकडे. तिन्हींना वळसे घालून भरधाव बाहेर. बहुतेक जण उजवं पिंप आधी घेतात, म्हणजे एक उजवा वळसा आणि दोन डावे. एवढ्या मोठ्या मैदानात सतरा-अठरा सेकंदांत खेळ खलास. पिंप पडलं तर काही संघटना ५ सेकंद वाढवतात, काही ती अख्खी धावच बाद करतात. मैदानात शिरायला एक अरुंद वाट असते. तिला इथे अ‍ॅली म्हणतात, आमच्या घरात तिचं नाव गल्ली. घोडा तिच्यातूनच वेग घेत आत शिरतो, त्यामुळे तो मनात काय धरून बसलाय ते सगळं त्या गल्लीत बाहेर पडतं.

आधी दुखणं

पोरीचं आणि घोड्याचं जमत नाही, तो हट्टी आहे, तिचा धाक नाही, हे सगळं नंतर. ज्या घोड्याने दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ही गल्ली हसत पार केली होती तो आज अडतोय, तर पहिला फोन घोड्यांच्या डॉक्टरला. शिकवणाऱ्या बाईंना दुसरा. मी उलटं केलं आणि पाच आठवडे घालवले. त्या पाच आठवड्यांत आम्ही एका दुखणाऱ्या जनावराला शिस्त लावत होतो, हे आठवलं की अजून चरचरतं.

सगळ्यात जास्त सापडणारी गोष्ट म्हणजे पोटातले व्रण. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसभर पाझरत असतं, त्याने खाल्लं काय अन् न खाल्लं काय. निसर्गाने त्याला दिवसभर चरणारा प्राणी केलाय, त्या हिशेबानेच हे चालतं: चावताना लाळ सुटते, लाळ आम्ल मारते, पोटात गवताचा थर असतो. आपण काय करतो? खोगीर घालायच्या आधी चार-पाच तास त्याला उपाशी ठेवतो आणि रिकाम्या पोटाने पळवतो. आम्ल उसळून जठराच्या वरच्या भागाला लागतं, आणि त्या भागाला खालच्यासारखं चिकट अस्तर नसतं. त्यात नवी जागा, ट्रेलरचा प्रवास, जुन्या कळपापासून ताटातूट. विकत घेतलेल्या घोड्याला पहिल्या महिन्यात व्रण झाले तर त्यात नवल काही नाही. खुराक अर्धवट टाकणं, कसण म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा आवळताना कान मागे टाकणं किंवा चावायला येणं, अंगाची चमक जाणं, ही साधी लक्षणं. खात्री मात्र दुर्बिणीनेच होते. तिच्यासाठी घोड्याला रात्रभर उपाशी ठेवावं लागतं.

आमच्या घोड्याला, बिस्किटला, व्रण निघाले. फार मोठे नव्हते, पण होते. आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोलची पेस्ट २८ दिवस, डॉक्टरच्या देखरेखीखाली. खिशाला ती चांगलीच लागते, आधीच सांगते. आणि रोज खोगिराआधी दोन ओंजळी लसूणघास. पोटात काहीतरी असावं म्हणून, आणि लसूणघासातलं कॅल्शियम आम्लाला जरा थोपवतं म्हणूनही. हा दुसरा उपाय जवळपास फुकटातला आहे. व्रण असोत नसोत, आजपासून सुरू करा.

नंतर मागच्या पायाचा हॉक, म्हणजे मागच्या बाजूला वळलेला तो मोठा सांधा. बॅरलच्या वळशात सगळं वजन त्याच्यावर येतं. एकाच बाजूच्या वळशाला घोडा कां-कूं करत असेल तर संशय आधी तिथे. मग दात, तिथली धार वर्षातून एकदा घासून घ्यावी लागते. मग नालबंदाची पाळी. सहा आठवड्यांची पाळी नऊ-दहा आठवड्यांवर गेली की घोडा वळताना पाय चोरतो.

आणि खोगीर. इथे बहुतेक पालक फसतात, आम्हीही फसलो. जुन्या मालकीणबाई मोठ्या, त्यांचं खोगीर मोठं, म्हणून आम्ही नवीन घेतलं. ते पोरीच्या मापाचं घेतलं, घोड्याच्या मापाचं नाही. बिस्किटसारख्या क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्याची पाठ रुंद आणि सपाट असते. मुलांच्या पुष्कळ खोगिरांचा आतला सांगाडा अरुंद असतो, तो दोन्ही खांद्यांमागे चिमट्यासारखा बसतो. तासभर घाम गाळल्यावर खोगीर उतरवा आणि पाठ बघा. सगळीकडे ओली पाठ आणि मधेच एखादा कोरडा चट्टा दिसला तर तिथे काहीतरी बिनसलंय. त्याच जागी पांढरे केस उगवले असतील तर फार दिवसांपासून बिनसलंय.

डॉक्टरकडून निघताना मला वाटलं होतं, चला, सुटलो. औषधं झाली, खोगीर बदललं, आणि बिस्किट अर्धाच सुधारला. कसण आवळताना चावायला येणं थांबलं. गल्लीत अडणं थांबलं नाही.

तो जुन्या स्वाराची भाषा बोलतोय

शिकलेला घोडा म्हणजे बटणं असलेलं यंत्र, असं विकणारेही सांगतात. बटणं असतात, खोटं नाही. पण ती कुठे बसवलीत ते फक्त जुन्या स्वाराला माहीत असतं. म्हणून घोडा घेताना कागदपत्रांइतकीच एक गोष्ट मागून घ्या: जुन्या स्वाराच्या धावांचे व्हिडिओ, पाच-सहा तरी. आम्ही ते सौदा झाल्यावर दोन महिन्यांनी मागितले. रात्री जेवणं झाल्यावर लेक आणि मी टीव्हीवर लावून पाव वेगाने बघत बसलो, आणि तिसऱ्या व्हिडिओला लेकच म्हणाली, “आई, ती टाच मारतच नाहीये.”

झालं होतं ते असं. लेकीची जुनी पोनी आळशी होती. तिला पिंपापर्यंत, पिंपाभोवती आणि परतीच्या वाटेवर सारख्या टाचा माराव्या लागत. पोरीच्या पायांना तीच सवय. बिस्किटच्या जुन्या बाई मात्र पिंपाच्या दोन टापा आधी खोगिरात खोल बसायच्या, बस. तेवढ्यावर तो वेग आवरून मागचे पाय पोटाखाली घ्यायचा आणि वळायचा. याला इथे रेट करणं म्हणतात. टाच म्हणजे त्याच्या भाषेत ‘पळ’. आता आमची पोरगी रिकिबीत उभी राहून, पुढे झुकून, टाचा मारत पिंपाशी पोचणार. घोड्याला ऐकू येणार ‘पळ, पळ’. तो पळत पिंपाच्या पुढे जाणार. ही घाबरून आतला लगाम खेचणार. मान आत, खांदा आत, पिंप आडवं. त्याने सांगितलेलं ऐकलं, आणि त्याच्याच तोंडाला हिसका बसला.

असा हिसका प्रत्येक धावेत तीनदा, आठवड्याला पाच-सहा धावा. ही सगळी यातायात जिथून सुरू होते त्या जागी तो थांबून विचार करणारच. आपणही केला असता.

उपाय कंटाळवाणा आहे. दोन आठवडे भरधाव बंद, पूर्णपणे. फक्त चालत, मग दुडक्या चालीने पिंपांभोवती फिरायचं. आम्ही प्रत्येक पिंपाच्या अलीकडे, वळसा जिथे सुरू व्हायला हवा तिथे, चुन्याची फक्की टाकून खूण केली. त्या खुणेवर पोचलं की खोल बसायचं, श्वास सोडायचा आणि घोड्याला पूर्ण उभं करायचं. एक पाऊल मागे. मग चालत वळसा. पिंप आणि घोड्याच्या बरगड्या यांच्यात चार-पाच फूट जागा राहायला हवी. तिला इथे पॉकेट म्हणतात. नजर त्या जागेवर, पिंपावर नाही. पिंपाकडे बघितलं की अंग तिकडे झुकतं, आणि अंग झुकलं की घोडाही. सरळ वाटेवर दोन्ही हात लगामावर. वळताना बाहेरचा हात खोगिराच्या शिंगावर, म्हणजे पुढच्या उंच मुठीवर. तो हात स्वतःला ढकलून मागे बसवायला असतो, लटकायला नाही.

पहिले तीन-चार दिवस लेक चिडली होती. “ह्याला रेसिंग म्हणतात का?” असं म्हणून रुसून बसली. पाचव्या दिवशी खुणेच्या आधीच, तिने नुसता श्वास सोडल्यावर, बिस्किट आपोआप मंदावला. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं तो चेहरा मी विसरणार नाही. पुढचं तिने मला सांगू दिलं नाही, स्वतःच करत गेली.

एक गोष्ट आम्ही केली नाही, तीही सांगते. आमच्या ओळखीच्या दोन घरांनी घोडा आवरत नाही म्हणून लगामाची कडी बदलून कडक, जास्त चावणारी घातली, आणि मुंडी वर जाऊ नये म्हणून पट्टा बांधला. अनुभवी हातात त्या वस्तू असतात, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण बारा वर्षांच्या घाबरलेल्या हातात ती कडी म्हणजे तेच हिसके, फक्त जास्त दुखणारे.

गल्ली

आता प्रत्यक्ष अडण्याचं. आधी ते घडताना बघा, व्हिडिओ काढून. दहापैकी आठ वेळा दिसेल की मूल टाच मारतंय आणि त्याच क्षणी लगाम आवळून धरतंय, कारण पुढे काय होणार त्याची त्याला धास्ती आहे. पायाने ‘जा’, हाताने ‘थांब’. घोडा दोन्ही हुकूम पाळतो. जागच्या जागी नाचतो, आणि पुढे वाट नाही म्हणून मागे किंवा वर जातो. लगाम ढिला पडल्याशिवाय बाकी काहीही करून उपयोग नाही.

मग घोड्याच्या बाजूने हिशेब मांडा. गल्लीच्या आत काय मिळतं? धाप, हिसके, आरडाओरडा. बाहेर आल्यावर? खोगीर उतरतं, पाणी मिळतं, गवताची जाळी मिळते. या व्यवहारात आत जाणारा घोडा वेडा म्हणायचा. आम्ही व्यवहारच फिरवला. रेस नसलेल्या दिवशी, आगाऊ विचारून, रिकामं मैदान मिळवायचं. गल्लीतून चालत आत, मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, कसण दोन भोकं सैल करायची, पाच-दहा मिनिटं काहीही करायचं नाही. पोरीने खाली उतरून मानेच्या मुळाशी खाजवायचं. मग बाहेर, आणि बाहेर आल्यावर जरा काम: दुडक्या चालीची वर्तुळं, मागे सरणं. पुन्हा आत, पुन्हा विश्रांती. रेसच्या दिवशीसुद्धा धाव संपल्यावर थेट ट्रेलरपाशी जाऊन खोगीर उतरवायचं नाही. वीस मिनिटं चालवायचं, मग उतरवायचं. एका खऱ्या धावेमागे निदान दहा वेळा नुसतं आत-बाहेर, हा आमच्या घरचा हिशेब. तो कुठल्या पुस्तकातला नाही, आमच्या घोड्याला लागू पडला एवढंच.

अडलाच तर? टाचांचा मारा नको, ओरडणं नको. त्याचे पाय हलते ठेवायचे, एवढंच. डावीकडे तोंड वळवून दोन पावलं, उजवीकडे दोन पावलं, पुन्हा गल्लीकडे तोंड. ज्या क्षणी त्याने कान पुढे करून आत बघितलं किंवा अर्धं पाऊल टाकलं, त्या क्षणी पायाचा दाब सोडायचा. दाबाने घोडा शिकत नाही, दाब सुटतो तेव्हा शिकतो. दोन सेकंदांनी सोडलात तर तो दुसरंच काहीतरी शिकला. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं, कारण बोलत बसायची सवय त्यांना कमी असते.

छोट्या रेसेसमध्ये मुख्य स्पर्धेआधी एक्झिबिशन नावाची सोय असते. थोडे डॉलर भरून एखादा मिनिट मैदान मिळतं, घड्याळ नाही, क्रमांक नाही. गर्दी, भोंगे, बाजूला बांधलेले घोडे मात्र खरे. बिस्किटला आम्ही सलग चार शनिवार फक्त एक्झिबिशनला नेलं. चालत आत, तिन्ही पिंपांभोवती चालत, मधे उभं, चालत बाहेर. लोक बघतात, बघू द्या. एक टोपीवाले आजोबा कुंपणावरून म्हणाले, या पोरीचा घोडा पुढच्या वर्षी बघण्यासारखा असेल. लेकीला त्या महिन्यात कशापेक्षाही या वाक्याने जास्त बळ दिलं.

एका ठिकाणी मात्र थांबा. घोडा गल्लीत मागच्या दोन पायांवर उभा राहत असेल, तर मूल खाली आणि काम माहीतगार प्रौढाकडे. तिथे सराव, धीर, नातं असलं काही नाही. उभा घोडा मागे कोसळतो आणि स्वार त्याच्याखाली येतो. आणि हेल्मेट रोज. चालत फिरतानाही. हॅट फोटोपुरती.

कुरणातला घोडा आणि माझी आई

धरायला गेल्यावर पळण्याचं कोडं आईने सोडवलं. ती तीन महिन्यांसाठी मिरजेहून आली होती. तिच्या वडिलांचा टांगा होता, त्यामुळे घोड्याला ती कुत्र्या-मांजराइतकंच ओळखते, पण इथल्या पिंपांच्या शर्यतीबद्दल तिचं मत एका शब्दात होतं: येडेपणा. सकाळी ती कुरणाच्या कुंपणाशी खुर्ची टाकून शेंगा सोलत किंवा मेथी निवडत बसायची. चौथ्या दिवशी बिस्किट तिच्यापाशी येऊन उभा. सहाव्या दिवशी त्याची मुंडी तिच्या खांद्यावर, आणि ती त्याला सांगलीच्या बाजारातले भाव सांगतेय. लेकीला हे फार लागलं. मी घोडा सांभाळते, मी रोज जाते, आणि तो आजीकडे जातो?

आई म्हणाली, “बाळा, तू जातीस तवा हातात दावं असतंय. घोडं तुला न्हाई भीत, दाव्याला भितंय.”

हिशेब केला तर खरंच. पोरगी घोड्याकडे जायची ती प्रत्येक वेळी काहीतरी मागायला: धर, बांध, घाम गाळ. मग शाळा, गृहपाठ, उद्या भेटू. खाऊ घालायचं काम मी करायची, कारण तिची बस पहाटे. त्याच्या दृष्टीने ती म्हणजे कामाची सूचना.

तेव्हापासून वाटणी बदलली. सकाळचा खुराक ती घालते, त्यासाठी वीस मिनिटं लवकर उठते. आठवड्यातून दोन दिवस दावं न घेता कुरणात जायचं, पंधरा मिनिटं बसायचं, पुस्तक वाचायचं, परत यायचं. तो आला तर आला. धरला तर दर वेळी कामाला नाही. कधी नुसता खरारा करायचा आणि सोडून द्यायचं. खरारा म्हणजे फोटोपुरता ब्रश फिरवणं नव्हे. आयाळ जिथे संपते तो मानेच्या मुळाचा उंचवटा, तिथे घोडे एकमेकांना दाताने खाजवतात. कामार्ग जातीच्या घोड्यांवर केलेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्याच जागी माणसाने खाजवलं तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असं दिसलं होतं. वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागला की जागा सापडली असं समजा.

खाऊ हातातून नको, बादलीत टाका. आईने गुळाचे खडे हातावर दिले आणि पंधरा दिवसांत तो सगळ्यांचे खिसे चावायला लागला. ती सवय मोडायला महिना गेला. तिला हे अजून मान्य नाही.

या नात्याबद्दल इथे प्रत्येक शिकवणारा एक गोष्ट सांगतो, स्कॅम्पर नावाच्या घोड्याची. शार्मेन जेम्स नावाच्या न्यू मेक्सिकोच्या मुलीला वडिलांनी अकराशे डॉलरला हा घोडा घेऊन दिला, जो मोठ्या माणसांना पाडायचा. १९८४ ते १९९३ अशी सलग दहा वर्षं ती त्याच्यावर जागतिक विजेती ठरली. १९८५ मध्ये लास व्हेगसच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत मैदानात शिरता शिरता त्याचा लगाम सुटला, आणि बिनलगामी धावून त्यांनी ती फेरी जिंकली. गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. पण मुलांना ती अशी सांगितली जाते की जणू पहिल्या नजरेत प्रेम जडलं आणि चमत्कार झाला. लगाम सुटला तेव्हा ती मुलगी त्या घोड्यावर आधीच एक जागतिक विजेतेपद मिळवून बसली होती. दोघांनी किती शेकडो वेळा तो वळसा घेतला असेल, लगामाची गरज तिथे उरलीच किती होती? माझ्या लेकीला मी ती गोष्ट याच बाजूने सांगते. तिला ती तशी कमी आवडते.

कुंपणाबाहेरचे आपण

हे थोडक्यात, कारण स्वतःबद्दल आहे. २००९ मध्ये स्वीडनच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना घोडा घेऊन एका वाटेने चार वेळा जायला सांगितलं होतं, आणि चौथ्या वेळेआधी बजावलं होतं की आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाचे ठोके वाढले, आणि घोड्याचेही. घोड्याला छत्रीचं काही कुणी सांगितलं नव्हतं.

माझी छत्री म्हणजे मोबाईल. गल्लीच्या तोंडाशी मी व्हिडिओ काढत ‘टाच मार, टाच मार, लगाम सोड, अगं सोड!’ असं मराठीत ओरडायची. आजूबाजूच्या कुणाला कळायचं नाही म्हणून जरा जास्तच मोकळेपणाने. आता मी गाडीत बसते. व्हिडिओ शेजारची बाई काढून देते.

आणि आकड्यांचं. खुल्या रेसमध्ये इथे बहुधा विभाग असतात: सगळ्यात कमी वेळ पहिल्या विभागाचा, त्याच्या अर्धा सेकंद मागून दुसरा सुरू, एक सेकंद मागून तिसरा. त्यामुळे हळू घोड्यालाही बक्षीस मिळू शकतं. ही सोय चांगली, पण मूल दर शनिवारी विभागाचा हिशेब करत बसलं तर चालत चालत वळसे घ्यायचा धीर त्याला कुठून येणार? आम्ही पहिले सहा महिने घरात वेळ हा शब्दच काढायचा नाही असं ठरवलं. लेकीने वहीत लिहायचं ते एवढंच: आज गल्लीत किती वेळा थांबला, आणि तिन्ही पिंपांच्या खुणेवर मी खोल बसले का.

वही आत्ता समोर आहे. पहिल्या पानावर ‘७ वेळा, नाही, नाही, नाही.’ गेल्या शनिवारच्या पानावर ‘१ वेळा. थांबला, कान माझ्याकडे केला, मी काही केलं नाही, मग गेला. हो, हो, नाही.’ तो ‘नाही’ तिसऱ्या पिंपाचा. परतीची घाई होते आणि तिची डावी टाच खुणेच्या आधीच लागते. पुढच्या आठवड्यात पुन्हा चुन्याची फक्की आणायची आहे, आणि नालबंदाला फोन करायचाय. पाचवा आठवडा संपत आला.